काळं न धरलेली जागा

१

लोखंडाला काळं, म्हणजे गंज अडवणारा काळा थर, चढवायचं तर आधी ते इतकं साफ करावं लागतं, की वरून पाणी सोडलं तर पाण्याचा पडदा कुठंच फाटत नाही. मग त्याला बोट लावायचं नाही. बोटाला तेलकटपणा असतो. आपल्याला तो दिसत नाही, पण लोखंडाला कळतो. जिथं बोट लागलं तिथं काळं धरत नाही. करडा डाग राहतो, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.

फॅक्टरीत चौतीस वर्षं मी हेच काम केलं. रिटायर झाल्यावर फॅक्टरीजवळच्या रांझी वस्तीतल्या घरी, मागच्या अंगणात, तेच लहान प्रमाणावर करत होतो. सहा टब ओळीनं मांडलेले असायचे. सोड्याचं गरम पाणी, साधं पाणी, हलकं ॲसिड, पुन्हा साधं पाणी, मग काळ्या द्रावणाचा टब आणि शेवटी तेल. पार्ट तारेला अडकवायचा आणि तारेनंच या टबातून त्या टबात न्यायचा. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आल्हादच्या जीपचं काम होतं. आल्हाद हा पुण्याहून बदली होऊन आलेला बँकेतला अधिकारी, विजय नगरला राहायचा. जुनी जीप घेऊन ती स्वतः उभी करत होता. तिच्या बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट, पट्ट्या असं सगळं एका पोत्यात भरून त्यानं आणून दिलं. घाई नाही काका, म्हणाला. घाई मलाही नव्हती. दिवसातले तीन तास मला असं काहीतरी हवं होतं, जे एकदा खाली ठेवलं की ठेवलेलं राहतं.

उरलेला सगळा दिवस प्रतिमाचा होता.

प्रतिमा माझी बायको. त्या उन्हाळ्याच्या दीड वर्ष आधी तिला लकवा मारला आणि डावं अंग गेलं. बोलणं शाबूत राहिलं, आठवण शाबूत राहिली. फक्त एक गोष्ट बिघडली. आपला डावा हात आपला आहे, हे ती मानेना.

"अहो, हा कोणाचा हात ठेवला इथं?" ती विचारायची.

"तुझाच आहे."

"माझा कसा असंन? माझा हा." असं म्हणून ती उजवा हात वर करून दाखवायची. "हा उचला बरं. जड होऊन राहिला मला."

डॉक्टर म्हणाले, "मुरलीधरजी, ऐसा होता है. मेंदूच्या त्या भागाला मार लागला की हात परका वाटतो. वाद घालू नका." मी वाद घालत नव्हतो. हात उचलून दुसऱ्या उशीवर ठेवायचो. दिवसातून वीस वेळा ठेवायचो.

२

सकाळी आठला रोशनी यायची. ती सिहोऱ्याकडची, पण लग्न झाल्यापासून इथंच, आमच्या मागच्या गल्लीत. तिचं आणि माझं मिळून प्रतिमाचं अंग पुसणं, कूस बदलणं, व्यायाम, खाणं, औषध होईपर्यंत एक वाजायचा. रोशनी गेली की मी अंगणात जायचो. प्रतिमाचा पलंग मुद्दाम मागच्या खोलीत लावला होता. मधे फक्त जाळीचा दरवाजा. तिनं हाक मारली की मला ऐकू यायचं, आणि तिच्या हवेच्या गादीचा पंप घुरघुरायचा तोही ऐकू यायचा.

एका रविवारी आल्हाद तयार झालेले पार्ट बघायला आला. एक बिजागरी उजेडात धरून म्हणाला, "काका, हा इथं तुमचा अंगठा उमटलाय का?"

मी चष्मा पुसून पाहिलं. करड्या रंगाचा, पुसट, पण अंगठाच.

"हातमोजा फाटला असेल," मी म्हणालो. "ठेव. पुन्हा करतो."

"राहू द्या हो, आतल्या बाजूला जाणार आहे ते. कोणाला दिसतंय."

"नाही. ठेव."

चौतीस वर्षांत माझ्या हातचा डाग कोणी दाखवला नव्हता. तो गेल्यावर मी हातमोजे पाण्यात बुडवून फुगवून पाहिले. कुठं भोक नव्हतं. तरी फेकले आणि नवे काढले.

बिजागरी ॲसिडमध्ये उतरवली, साफ केली, पुन्हा काळी केली. दुसऱ्या दिवशी एका ब्रॅकेटवर अंगठा आणि दोन बोटं आली. ठसे हलके होते, एखादं लहान मूल वस्तू धरायला शिकतं आणि धरता धरता सोडून देतं तसे. आठवड्याभरात एका लांब पट्टीवर चार बोटं आणि अंगठा असे पाचही नीट आले. या वेळी पकड घट्ट होती.

मी हातमोजा काढून माझा हात त्या ठशांवर धरून पाहिला. ठसे माझ्यापेक्षा लहान होते. आणि उजवा हात त्या जागी बसतच नव्हता. डावा बसत होता.

३

मी विचार केला की रोशनी असेल. दुसरं कोण होतं घरात?

"मैं काहे को छूऊँगी अंकलजी," ती म्हणाली. "उधर की बास से मेरा सिर घूमता है. कपड़े भी मैं आगे सुखाती हूँ." ते खरं होतं. ती कधी जाळीपलीकडं गेली नव्हती. आणि ती असायची तोवर पार्ट गंजलेलेच असायचे. साफ करायचं काम मी ती गेल्यावरच काढायचो.

मग मला वाटलं माझंच चुकतंय. मी रात्रीत चार वेळा उठायचो. सोड्याच्या टबावर उभ्या उभ्या डोळा लागायचा. अशा माणसानं हातमोजा काढला, डाव्या हातानं पट्टी उचलली आणि विसरला, तर नवल काय? ठसा लहान दिसतो, कारण ओला हात घसरतो. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं आणि मला ते पटलंही.

बुधवारी रोशनी प्रतिमाची नखं कापत बसली होती. ती मला म्हणाली, "अंकलजी, आंटी के नाखून देखे?"

डाव्या हाताची पाचही नखं कडेनं काळी झाली होती. बोटांच्या पेरांवर तपकिरी डाग होते. ते डाग मी ओळखत होतो. काळ्या द्रावणाचे. चार दिवस साबणानं घासले तरी जात नाहीत, फॅक्टरीतल्या प्रत्येकाच्या हाताला असायचे.

"माझ्या हातचं लागलं असेल," मी म्हणालो.

"हाँ, वही होगा," रोशनी म्हणाली. पण तिनं तो हात परत उशीवर ठेवताना पदराच्या टोकात धरून ठेवला.

उजव्या हातावर डाग नव्हते. मी दोन्ही हात सारखेच धुवायचो.

४

त्या दुपारी मी अंगणात गेलो नाही. प्रतिमाच्या पलंगाजवळ खुर्ची ओढली. कूलरचं पाणी भरून झालं होतं, तिला ताक पाजून झालं होतं.

"काहून बसले आज?" तिनं विचारलं.

"असंच."

ती छताकडं बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही तिकडं काम करता ना, तवा झोप लागते तुम्हाला."

"डुलकी लागते कधी."

"तवाच घेऊन जाते ती."

"कोण? काय घेऊन जाते?"

"हा." तिनं मानेनंच डाव्या उशीकडं दाखवलं. "दुपारी नेते, चारला आणून ठेवते. ओला असते. मला थंड लागते बाजूला."

मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. आवाज नेहमीचा होता, भाजीवाल्याबद्दल सांगावं तसा.

"कोण आहे ती, प्रतिमा?"

"मला काय माहीत. जिचा हात असंन ती." मग म्हणाली, "आधी आणून टाकून द्यायची नुसता. आता नीट ठेवते."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असे भास होतात, रात्रीची गोळी अर्धीची एक करा. नागपूरला समिधाला, आमच्या मुलीलाही फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी येऊ का? की तुम्ही दोघं इकडंच येता?" मी म्हणालो बघू. तिला ठशांबद्दल काही सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर सगळं सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं, आणि तेवढा दम माझ्यात नव्हता.

५

जूनच्या पहिल्या आठवड्यात रोशनी भाचीच्या लग्नाला चार दिवस सिहोऱ्याला गेली. मी एकटाच उरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आल्हादच्या जीपची एक रुंद पट्टी साफ केली, पाणी सोडून पाहिलं, पडदा फाटला नाही. ती तारेनं अंगणात टांगली. जाळीच्या दरवाज्याला आतून कडी घातली. मग प्रतिमाजवळ बसलो आणि तिचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. ठरवलं की आज चार वाजेपर्यंत सोडायचा नाही, डोळा लागू द्यायचा नाही. पट्टीवर डाग आला तर तो या हाताचा नाही हे कळेल. नाही आला तर डाग माझेच होते. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

"माझा धरा ना," प्रतिमा म्हणाली. "तिचा काय धरून राहिले?"

"असू दे."

हात थंड होता आणि मऊ, वळवून ठेवलेल्या टॉवेलसारखा. दीड वर्षात त्यात काहीच जोर आलेला नव्हता.

अडीचच्या सुमाराला बत्ती गेली. कूलर थांबला, पंप थांबला. बाहेर ऊन इतकं होतं की जाळीचा दरवाजा पांढरा दिसत होता. एवढी शांतता मी त्या घरात खूप दिवसांनी ऐकली. आणि त्या शांततेत अंगणातल्या टबातलं पाणी हललं. कोणी तार पाण्यात सोडून वर काढावी तसं. थेंब पडले. पुन्हा सोडली, पुन्हा काढली. सावकाश, काम येणाऱ्या माणसासारखं.

मला वाटलं मांजर असेल. मांजर तार उचलत नाही हेही मला कळत होतं. उठून पाहावं म्हणून मी हात ठेवायला गेलो, आणि त्या हातानं माझी बोटं धरली.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षाच्या व्यायामानंतर बोटं वळली होती. मी म्हणालो, "प्रतिमा, दाब. अजून दाब."

ती माझ्याकडं बघत होती. इतकं घाबरलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं, ज्या दिवशी पडली त्या दिवशीही नाही.

"अहो, मी नाही दाबत," ती म्हणाली.

पकड वाढत गेली. मी जाळीकडं पाहिलं. त्या पांढऱ्या उजेडात टबांपाशी कोणीतरी बाई उकिडवी बसली होती. पाठ आमच्याकडं. पदर कमरेला खोचलेला. उजव्या हातानं ती तार पाण्यात खालीवर करत होती. डावा खांदा होता, पण त्याखाली ब्लाऊजची बाही सपाट लोंबत होती. मग तार थांबली. बाई उठली नाही. नुसती बसल्या जागी ऐकू लागली.

"सोडू नका," प्रतिमा म्हणाली. रोज तो हात उचला, उचला म्हणणारी प्रतिमा. "अहो, पाया पडते. आज सोडू नका."

मी नाही सोडला. बराच वेळ धरून राहिलो. घाम डोळ्यांत जात होता, मनगटापासून खांद्यापर्यंत रग लागली होती. हात माझ्या बोटांतून हळूहळू, न झटकता, स्वतःला ओढत होता. जाळीकडं मी पुन्हा पाहिलं नाही. आणि मग मला असं वाटलं की किती दिवस? आज धरला, उद्या धरायचा, परवा धरायचा. सकाळी चारला उठायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची आणि दुपारी हा हात धरून बसायचं. मला कोणी बळजबरी केली नाही. डोळाही लागला नव्हता. हात सुटला असं मी पुढं स्वतःला सांगत राहिलो. तो सुटला नाही. मी सोडला.

जाळीची कडी वाजली. मी डोळे मिटले होते.

"सोडला ना," प्रतिमा म्हणाली. रागानं नाही म्हणाली. तोंड भिंतीकडं केलं.

६

बत्ती आली तेव्हा चार वाजून गेले होते. कडी घातलेलीच होती. अंगणात पट्टी तारेला तशीच टांगलेली होती, कोरी. मी तिला काळं चढवलं. कुठंही डाग आला नाही. त्यानंतर कोणत्याच पार्टवर आला नाही. आल्हाद जीप घेऊन दाखवायला आला, म्हणाला, काका, असं काम पुण्यातही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिमाच्या डाव्या हाताचं बोट हललं. आठ दिवसांत मूठ वळली. व्यायाम करून घेणारा माणूस म्हणाला, एवढ्या उशिरा असं क्वचित होतं. पावसाळ्यात ती धरून बसायला लागली, नवरात्रात चार पावलं चालली. डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "मुरलीधरजी, आपकी सेवा का फल है." हात कोणाचा असं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

दिवाळीला समिधा आली. आईला ओट्यापाशी उभी पाहून रडली. दोन दिवसांनी मला म्हणाली, "बाबा, आई सगळं डाव्या हातानंच करते, लक्षात आलं का तुमच्या? उजवा नुसता मांडीवर ठेवून देते."

"हो."

"मेंदू दुसऱ्या बाजूनं शिकतो म्हणे. आणि बोलते किती कमी." तिनं ओट्याकडं पाहिलं. "पण बरी आहे ना. तेवढं झालं म्हणजे झालं."

"हो," मी म्हणालो.

रोशनीनं काम सोडलं. आता गरजच नाही म्हणाली, ते बरोबरच होतं. जाताना तिनं माझ्या पायाला हात लावला. तिला निरोप द्यायला जी दारात आली होती, तिच्याकडं मात्र रोशनीनं पाहिलं नाही.

७

मी आता रात्री सलग झोपतो. सहा सहा तास. वजन वाढलं आहे. घर झाडलेलं असतं, कपड्यांच्या घड्या असतात. दुपारी मी अंगणात असलो की ती जाळीच्या दारात येऊन उभी राहते, टबांकडं बघते. मी काम थांबवतो, ती आत जाते. आमचं फारसं बोलणं होत नाही. चाळीस वर्षांचा संसार झालेल्या पुष्कळ घरांत होत नाही.

जानेवारीत एक दिवस खूप थंडी होती. संध्याकाळी ती पोळ्या करत होती, मी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसलो होतो. तव्याचा उबारा येत होता. तिची पाठ माझ्याकडं होती. पदर कमरेला खोचलेला. सात महिने जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. मोठ्यानं नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत.

"प्रतिमा कुठं आहे?"

तिनं पोळी उलटली. कडा दाबल्या.

"थकली होती हो फार," ती म्हणाली. आवाज प्रतिमाचाच होता. "तुम्ही पण थकले आहात. बसा नीट. गरम वाढून राहिली."

मला विचारायचं होतं की तिला थंडी वाजते का, ती जिथं आहे तिथं कोणी कूस बदलतं का. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण मग उत्तर ऐकावं लागलं असतं आणि उत्तरानंतर काहीतरी करावं लागलं असतं.

तिनं ताट पुढं ठेवलं आणि डाव्या हातानं पोळी वाढली. आमच्याकडं डाव्या हातानं कोणी कधी वाढत नाही. मी पोळीकडं बघत बसलो. ती वाट पाहत उभी होती. भूक लागली होती. मी पहिला घास मोडला.